कपबशांच्या गावातलं विद्यापीठ

नमस्कार, श्रोतेहो.

विद्यापीठ काढतं कोण? सरकार, नाहीतर एखादा धनवान, असंच आपण धरून चालतो. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाची मुळं मात्र शुक्रवारच्या रात्रवर्गात सापडतात.

कीलच्या शेजारचं स्टोक हा कपबशांचा मुलूख. वर भट्ट्यांचा धूर, खाली कोळशाच्या खाणी. 1908 साली तिथल्या लाँगटनमध्ये इतिहासकार आर. एच. टॉनी कामगारांच्या रात्रवर्गाला आर्थिक इतिहास शिकवायला येऊ लागले. दिवसभर राबलेली माणसं समोर बसायची, घरी जाऊन निबंधही लिहायची! अशा वर्गांच्या चळवळीत मुरलेले आणखी एक गृहस्थ म्हणजे ए. डी. लिंडसे, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख. गोलमेज परिषदेच्या वेळी, 1931 मध्ये, गांधीजी ऑक्सफर्डला गेले तेव्हा उतरले होते ते यांच्याच घरी.

1949 साली, सत्तरीचे लिंडसे बेलियल सोडून नवं विद्यापीठ उभं करायला कीलला आले. हाताशी काय, तर स्नीड घराण्याची जुनी हवेली आणि युद्धात लष्करानं उभारलेल्या बराकी. पुढच्या वर्षी दीडशेच्या आसपास मुलंमुली आली आणि त्या बराकींत राहू लागली.

आता खरी गंमत ऐका. पहिलं अख्खं वर्ष सगळ्यांना अभ्यासक्रम एकच: ग्रीकांपासून आधुनिक विज्ञानापर्यंत. पुढंही इतिहासवाल्याला विज्ञानाचा एखादा विषय चुकत नसे. पदवीला त्यामुळे तीनऐवजी चार वर्षं लागत. दहावीच्या निकालादिवशीच ‘सायन्स की आर्ट्स’ म्हणून घर डोक्यावर घेणारे आपण! हे तिथं जमलं, कारण कीलला सुरुवातीपासून स्वतःची पदवी देता येत होती. त्याआधीच्या नव्या कॉलेजांतली मुलं लंडन विद्यापीठाच्या परीक्षेला बसत. परीक्षा लंडनची, म्हणजे अभ्यासक्रमही लंडनचाच.

मग ससेक्सचं नवं विद्यापीठ आलं, 1961 मध्ये. पाठोपाठ यॉर्क, ईस्ट अँग्लिया, लँकेस्टर, एसेक्स, केंट, वॉरिक. 1965 पर्यंत सगळी सुरू. याचं श्रेय सर्रास रॉबिन्स अहवालाला, म्हणजे उच्च शिक्षण वाढवा असं सांगणाऱ्या सरकारी समितीच्या अहवालाला, दिलं जातं. मला ते पटत नाही. अहवाल आला ऑक्टोबर 1963 मध्ये, ससेक्सचे वर्ग तेव्हा दोन वर्षं चालू होते! युद्धानंतर जन्मलेली मुलं अठराची होणार, त्यांना जागा लागणार, हा हिशेब आधीच झालेला होता.

कीलची पहिली तुकडी 1954 साली पदवी घेऊन बाहेर पडली. लिंडसे दोन वर्षांपूर्वीच वारले होते.