बोटीतला संडास: यंत्र की टाकी?

शिडाची बोट घ्यायची म्हटलं की माणसं शिडं बघतात, इंजिन बघतात, आत किती जण झोपतील ते मोजतात. संडासाचं दार मात्र एकदा उघडायचं, आत डोकावायचं आणि मिटून घ्यायचं. पुढे बोटीवर जी भांडणं होतात त्यातली बरीच त्या दाराआडची असतात. म्हणून आज फक्त तेवढ्यावरच बोलू. ज्यांचं जेवण व्हायचंय त्यांनी आत्ताच उठलेलं बरं.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या बोटी अ‍ॅनापोलिसच्या आसपास असतात, तेव्हा मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीक उपसागर धरूनच बोलतो. नियम आधी सांगून टाकतो. अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत कच्चा मैला पाण्यात सोडायला बंदी आहे, आणि चेसापीक तर सगळाच त्या हद्दीच्या आत येतो. मग संडास पक्का बसवलेला असेल तर तुमच्यापुढे दोन वाटा. एक, बोटीवरच मैल्यावर प्रक्रिया करणारं छोटं यंत्र. ६५ फुटांपर्यंतच्या बोटीला ते चालतं. त्यातून बाहेर पडणाऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १००० पेक्षा जास्त नकोत आणि डोळ्यांना दिसेल असं काही तरंगायला नको. दुसरी वाट म्हणजे होल्डिंग टँक: मैला टाकीत साठवा आणि मरीनामध्ये, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, पंपाने उपसून घ्या. शिवाय हेरिंग बेसारखे काही भाग असे आहेत की तिथे प्रक्रिया केलेलं पाणीही सोडायचं नाही.

यंत्र दिसायला मोठं मोहक आहे, हे कबूल. मैला डब्यात येतो, पाती फिरून त्याचा लगदा होतो आणि इलेक्ट्रोडमधून वीज जाते. समुद्राच्या पाण्यातल्या मिठापासूनच हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि ते जंतू मारतं. दोन-अडीच मिनिटांत काम तमाम, रसायन विकत आणायला नको. पण तेवढा वेळ ते १२ व्होल्टवर ४५ अँपियरच्या आसपास ओढतं. म्हणजे जाड तांब्याची वायर, बॅटरीपासून कमीत कमी अंतर आणि मुळात दमदार बॅटरी. बारीक वायर टाकलीत तर यंत्रापर्यंत विजेचा पुरेसा दाब पोचत नाही, आणि लोक शिव्या यंत्राला घालतात.

खरी गोम मिठात आहे. उपसागराच्या तोंडाशी, नॉरफोकला, पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट. वर हाव्र द ग्रासला सस्क्वेहाना नदी येऊन मिळते, तिथे ते चक्क गोडं. अ‍ॅनापोलिस मधलं, आणि वसंतात पावसाचं, बर्फाचं पाणी नदीने खाली आणलं की तेही गोडावतं. अशा पाण्यात यंत्राला वेगळी मिठाच्या पाण्याची टाकी जोडावी लागते. म्हणजे टाकी नको म्हणून यंत्र घेतलंत आणि शेवटी टाकी आलीच!

आणखी एक. यंत्र जंतू मारतं, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस जसेच्या तसे पाण्यात जातात. चेसापीकचं मुख्य दुखणं नेमकं तेच आहे. शेवाळ माजतं, उन्हाळ्यात खोल पाण्यातला प्राणवायू संपतो. शेतीच्या आणि शहरांच्या मानाने आपल्या बोटींचा वाटा अगदी किरकोळ आहे, हे खरं. तरीही शनिवार-रविवार बोट काढणाऱ्याला मी टाकीच सांगतो. यंत्र घ्यावं ते बोटीवरच राहणाऱ्यांनी, किनाऱ्याकिनाऱ्याने फ्लोरिडापर्यंत उतरणाऱ्यांनी.

टाकी पॉलिएथिलीनची घ्या. अ‍ॅल्युमिनियम नको, लघवी त्याला खाते. चार माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा, दर वेळी दोन लिटर, म्हणजे दिवसाचे ४० लिटर झाले. दोन दिवसांचं वजन ८० किलोच्या वर जातं. ते नाळेत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकात, टाकू नका, बोटीच्या मध्याजवळ आणि शक्य तितकं खाली ठेवा.

वासाचं म्हणाल तर निम्मा दोष टाकीला हवा पुरवणाऱ्या नळीचा. ती बारीक आणि वळणावळणाची असली की टाकीत हवा पोचत नाही, मग हवेविना जगणारे जिवाणू माजतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. नळी २५ मिलिमीटरची, आखूड आणि सरळ ठेवा. उरलेला दोष मैल्याच्या पाईपचा. एक फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, पाईपवर घासा आणि थोडं दूर नेऊन हुंगा. फडक्याला वास आला तर वास पाईपच्या भिंतीतून झिरपतोय. कितीही अत्तरं शिंपडा, पाईप बदलल्याशिवाय सुटका नाही.

त्याच पाईपला मुतखडाही होतो, अगदी माणसासारखा. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि लघवी मिळून आत पांढरा थर धरतो, दीड इंची पाईप हळूहळू आवळत जातो. म्हणून मैला टाकीत पोचला असं वाटल्यावरही पंपाचे चार दांडे जास्त मारा, आणि अधूनमधून व्हिनेगर सोडून रात्रभर राहू द्या.

आता ज्याने बोट बुडते ते. संडासाचं भांडं बऱ्याच बोटींत पाणरेषेच्या खाली असतं, आणि वाऱ्याने बोट कलली की सरळ उभी असताना वर असलेलंही खाली जातं. समुद्राकडे जाणाऱ्या आणि समुद्राकडून येणाऱ्या पाईपात सायफन सुरू झाला, म्हणजे पाणी आपोआप आत ओढलं जाऊ लागलं, तर पाणी भांड्यात चढतं, काठावरून सांडतं आणि थांबत नाही. त्यावर उपाय व्हेंटेड लूप: पाईपला उलट्या यू-सारखं दिलेलं उंच वळण, माथ्यावर हवा आत घेणारी झडप. त्याचा माथा बोट पूर्ण कललेली असतानाही पाणरेषेच्या किमान २० सेंटिमीटर वर हवा. मरीनात उभ्या बोटीत माप घेऊन लूप बसवणारे कारागीर मी पाहिलेत. बोट चाळीसभर अंश कललेली कुणी डोळ्यांपुढे आणतच नाही. लूपच्या माथ्यावरची इवलीशी झडप मिठाने चिकटते. ती वर्षातून एकदा काढून गरम पाण्यात धुवा. चिकटलेल्या झडपेचा लूप म्हणजे नुसता वाकडा पाईप.

टाकीतून समुद्राकडे जाणारा वाय-व्हॉल्व्ह, म्हणजे मैल्याची वाट बदलणारी दुतोंडी झडप, असेल तर तो बंद करून दांडा काढून ठेवा किंवा प्लास्टिकच्या पट्टीने आवळा. कोस्ट गार्डवाले बोटीवर चढले की हे बघतात. नुसतं 'बंद आहे हो' म्हणून भागत नाही.

सगळं बसवून झालं की टाकी साध्या पाण्याने काठोकाठ भरा, प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी ज्या जोडाचा कागद ओला, त्याचे क्लॅम्प पुन्हा आवळा. साध्या पाण्यात हे काम हसत हसत होतं. आता विचारा, काय विचारायचंय ते.