दुसऱ्यांदा सापडलेला पोरगा

या सभेसाठी अंबाजोगाईत आल्यापासून दोघातिघांनी मला एकच गोष्ट ऐकवली. पहिल्यांदा चुकला तर पोरगा म्हणून सोडा, पण तोच पुन्हा चोरीत सापडला तर मोठ्यांच्या कोर्टात उभा करा. हा राग मी उडवून लावणार नाही. ज्याची मोटारसायकल बाजाराच्या दिवशी गेली आणि हप्ते अजून फिटायचेत, त्या माणसाला सुधारणेच्या गोष्टी सांगायला कुणी जाऊ नये. त्याची भरपाई कोण करणार, याला आजही आपल्याकडे धड उत्तर नाही. पण रागाच्या भरात आपण जे मागतो, ते कायद्यात आहे का?

२०१५चा बाल न्याय कायदा दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर आला आणि १५ जानेवारी २०१६पासून लागू झाला. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट त्यात आहे, पण ती फार अरुंद आहे. गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा हवी, शिवाय बाल न्याय मंडळाने, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाने, मुलाची समज आणि क्षमता तपासलेली हवी. मोबाइल हिसकावणं, गाडी पळवणं यात बसत नाही. अशी चोरी पुन्हा केली म्हणून तो मोठ्यांच्या कोर्टात जात नाही. विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांना ठेवायच्या सुधारगृहात, पाठवता येतं, तेही जास्तीत जास्त तीन वर्षं. मात्र आदेश देताना मुलाचं आधीचं वर्तन बघा, असं कलम १८ सांगतं. म्हणजे कायदा डोळे मिटून बसलेला नाही.

मी बाल न्याय मंडळावर सदस्य होते तेव्हा दुसऱ्यांदा आलेल्या मुलाची पहिली फाइल आधी मागायचे. एक फाइल अजून डोळ्यांपुढे आहे. आदेश नीट लिहिलेला: समुपदेशन, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याची देखरेख, शाळेत पुन्हा प्रवेश. देखरेखीच्या अहवालात मात्र एकच ओळ होती, ‘पालक बाहेरगावी, घर बंद.’ त्यापुढची पानं कोरी. त्या दिवशी पोराबरोबर त्याची आजी आली होती. आधार कार्ड कॅरीबॅगेत गुंडाळून, ती पिशवी पदराच्या गाठीला बांधून आणलेली. मी विचारलं, आईवडील कुठं आहेत? म्हणाली, “दिवाळीपसून फडावर हायेत बाई. मुकादमाची उचल फिटल्याबिगर कसं येतील?”

बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. ऊसतोडीला कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून आगाऊ पैसे उचलून सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात जातो, तो उन्हाळा लागल्यावरच परततो. तेवढे महिने पोरगं आजीकडं. आजीला नीट दिसत नाही आणि पोराची शाळा आठवीतच सुटलेली. जामीन द्यायचा तर ताबा कोणाकडे? आदेश पाळायचा तर पाळून घेणारं घरात कोण? पहिल्या खेपेला सुधारणा करून पाहिली, ती फसली, असं या मुलाबद्दल कुणी म्हणू नये. सुधारणा कागदावरून खाली उतरलीच नव्हती.

आणि त्या पोराकडून चोरीची गाडी घेणारा? तो मोठा माणूस होता. थोडक्या हजारांत गाडी उचलायचा आणि पुढची कुठून आणायची तेही सांगायचा. दोन्ही वेळच्या कागदांत त्याचं नाव कुठंच नाही. मुलांना असं बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड, हे याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये लिहिलेलं आहे. शिक्षा हवी म्हणणाऱ्यांनी आधी हे कलम लावायचा आग्रह धरावा. त्यांच्याबरोबर मीही उभी राहीन.

काही मुलांना त्या संगतीपासून तोडावंच लागतं. विशेष गृहाला माझा विरोध नाही. पण तिथून बाहेर पडताना हातात कसब नसेल आणि गल्लीच्या तोंडाशी तोच गाडी घेणारा उभा असेल, तर तीन वर्षांनी आपण फक्त त्याचं वय वाढवून आणलेलं असतं.

म्हणून या सभागृहाकडे माझं एक मागणं आहे. पालक नसतील तर मुलाला ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली सोडायची सोय कायद्यात आहे. चौकशी करून मंडळ अशा व्यक्तीला मान्यता देतं. इथं निवृत्त शिक्षक बसलेत, गॅरेजवाले आहेत, वेल्डिंगचं दुकान चालवणारे दोघे मला पुढच्याच रांगेत दिसतायत. दिवाळीनंतर गाड्या भरून माणसं जायला लागायच्या आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन अर्जाची चौकशी करा. पोराला रोज सकाळी कुठं हजर व्हायचं आणि तो आला नाही तर त्याच्या घरी कोण जाणार, एवढं त्या अर्जासोबत लिहून द्या.