आभासी वस्तूची पावती कोणाकडे?

मित्रहो, त्रिमितीय रचना आणि गेमनिर्मिती शिकणारी पुण्यातली मंडळी समोर बसलेली असताना आभासी जग म्हणजे संगणकावरचे असे ठिकाण, जिथे माणसे ‘अवतार’ म्हणजे आपल्या आभासी प्रतिमा घेऊन वावरतात आणि वस्तू घडवून विकतात, याहून अधिक सांगण्यात मी वेळ घालवत नाही. एका जगात विकलेली वस्तू दुसऱ्या जगात नेता येत नाही, याचा दोष आपण तंत्रज्ञानाला देतो; माझ्या मते खरी अडचण खरेदीच्या नोंदीची आहे, आणि ती नोंद वस्तू घडवणाऱ्याच्या हाती असली पाहिजे.

जुलै २००८ मध्ये ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग चालवणारी लिंडेन लॅब ही कंपनी आणि आयबीएम यांनी एक प्रयोग जाहीर केला. सेकंड लाइफच्या चाचणी-जाळ्यातले (जाळे म्हणजे एक जग चालवणारा सर्व्हरांचा समूह) अवतार ओपनसिम्युलेटर या आभासी जगे चालवण्याच्या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर पोहोचले. त्याचे कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. मात्र या प्रवासात सामान नेण्याची सोय नव्हती. पोशाख, दागिने, विकत घेतलेले केससुद्धा मूळ जगातच राहिले! वऱ्हाड मांडवात पोहोचावे आणि सगळ्या ट्रंका गावीच राहाव्यात, तसे हे झाले. आपण हसलात, पण अशा सामानात कोणा कारागिराची महिनोन्महिन्यांची मेहनत असते, म्हणून हा प्रसंग मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

सामान का गेले नाही? सेकंड लाइफमध्ये प्रत्येक वस्तूवर प्रत काढणे, बदल करणे आणि दुसऱ्याला देणे अशा तीन परवानग्या असतात. त्या वस्तूत कोरलेल्या नसतात. त्या कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदी असतात, आणि परक्या सर्व्हरच्या मालकाला त्या बांधून ठेवू शकत नाहीत. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘कॉपीबॉट’ नावाच्या साधनाने वस्तूंच्या नकला निघू लागल्या, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी निषेध म्हणून दुकाने बंद ठेवली. मी त्या दुकानदारांच्या बाजूचा आहे. तरीही त्यातून ‘भिंती उंच करा’ एवढाच धडा घेतला गेला, याचे मला वाईट वाटते, कारण भिंतीआतले जगच बंद पडले तर वस्तूही जाते आणि नोंदही जाते. ‘देअर’ हे जग ९ मार्च २०१० रोजी बंद झाले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, पण दरम्यान तिथे विकणाऱ्यांना आपला माल घेऊन जायला जागा नव्हती.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे जो उपाय सांगण्यासाठी मी आलो, तो थोडक्यात सांगतो. समजा, आपल्यापैकी कोणी दिंडी दरवाजा, चौक आणि तुळशीवृंदावन असलेला वाडा घडवला. त्याची मूळ फाइल ‘जीएलटीएफ’सारख्या, त्रिमितीय रचना साठवण्याच्या खुल्या स्वरूपात स्वतःजवळ ठेवावी, प्रत्येक जगासाठी तिच्यातून वेगळी आवृत्ती काढावी आणि ग्राहकाला आपल्या नावाची पावती द्यावी. तो वाडा कोणकोणत्या जगांत उभारता येईल आणि पुन्हा विकता येईल की नाही, हे त्या पावतीवर स्पष्ट लिहिलेले असावे. ओपनसिम्युलेटरमध्ये ‘निर्यात’ अशी स्वतंत्र परवानगी आहे, आणि ‘कायटली मार्केट’ ही ऑनलाइन बाजारपेठ तिच्या आधारे एकाच दुकानातून अनेक जाळ्यांवर माल पोहोचवते. म्हणजे वाट पडलेली आहे. नकला यामुळे थांबणार नाहीत, परंतु खरा ग्राहक कोण हे विक्रेत्याला सिद्ध करता येईल.

कपड्यांपासून मात्र सुरुवात करू नका. प्रत्येक जगातल्या अवताराचा सांगाडा, म्हणजे त्याला हलवणारी आतली हाडांची रचना, वेगळा असल्यामुळे नऊवारी दर वेळी नव्याने बसवावी लागते. वाड्याच्या भिंतींना सांगाडा नसतो, म्हणून पहिला माल वास्तूंचा असू द्या.