आधीचे तीन महिने

बाळासाठी प्रयत्न करायचे ठरलं की बहुतेकांची पहिली फेरी बाजारात होते. बांबूचे ब्रश, काचेच्या बाटल्या, 'नैसर्गिक' असं छापलेली क्रीम्स. एकीनं तर मला दोन पानी यादीच दाखवली. नवरा शेजारीच बसलेला, खिशात सिगारेटचं पाकीट. यादीत त्याच्यासाठी एकही ओळ नव्हती.

म्हणून आधी पुरुषांचं बोलते. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कीटकनाशक कारखान्यात कामगारांच्या आपसातल्या गप्पांतून लक्षात आलं, की अरे, आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीये. तपासलं तर अनेकांचे शुक्राणू अगदी कमी, काहींचे शून्य. कारण निघालं डीबीसीपी, जमिनीतले सूत्रकृमी मारायचं रसायन. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, पुढचा प्रवास धरून तीन. स्त्रीबीजाची शेवटची वाढही साधारण तेवढ्याच काळात होते. तेव्हा आज विझवलेल्या सिगारेटचा हिशेब तीन महिन्यांनी लागतो.

आता प्लास्टिक. घरातले डबे फेकू नका. उगाच कचरा वाढवून पर्यावरणाचं काय भलं होणार? सुकं, गार काहीही ठेवा त्यात. वाफाळतं, तेलकट तेवढं ओतू नका, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर डबा नकोच. काही प्लास्टिकमधून गरम अन्नात उतरू शकणारं बिस्फेनॉल ए (बीपीए) हे रसायन शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं, हे १९३६ सालीच प्रयोगात दिसलं होतं. प्लास्टिकसाठी ते सर्रास वापरात आलं ते त्यानंतर! 'बीपीए-फ्री'वरही फार विसंबू नका, त्याच्या जागी बऱ्याचदा त्याचंच भावंड, बिस्फेनॉल एस, असतं. दुकानातल्या पावतीवर नखानं ओरखडा काढून बघा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद, त्यावर यातलं काहीतरी असू शकतं. पावती पर्समध्ये साठवायची गरज नाही. दिलासा एवढाच, की ही रसायनं एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात.

शिसं मात्र तसं नाही. ते हाडांत वर्षानुवर्षं मुरून बसतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं. हौसेनं बाळाची खोली करताना भिंतीचा जुना रंग पॉलिश पेपरनं घासायला बसू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ती धूळ वाईट.

आणि एक गोळी. 'गोळ्या नकोत, सगळं नैसर्गिक हवं' म्हणणाऱ्यांशी मी इथे भांडते. फॉलिक ॲसिड, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, बाईनं रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायचं, निदान महिनाभर आधीपासून. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती नीट मिटायला ते लागतं, आणि ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर कित्येकींना पाळी चुकल्याचं जेमतेम कळलेलं असतं.

एवढं करूनही दिवस राहिले नाहीत, तर डबे बदलत बसू नका. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पुढे असेल तर सहा महिने वाट बघा आणि तपासणीला या. दोघंही या.