घरची धुण्याची पावडर? आधी बाटली हलवून बघा!

(टेबलावर दोन बाटल्या)

या दोन्ही बाटल्यांत साबणाच्या एकाच वडीचा चिमूटभर कीस टाकलाय. ही नळाच्या पाण्याची, म्हणजे आपल्या नाशिकच्या गंगापूर धरणाची. ही आमच्या सोसायटीच्या बोअरची. हलवते हं.

(हलवते)

हिला बोटभर फेस आला. आणि ही बघा, जवळ आणते... नासलेल्या दुधासारखे कण, वर चिकट साय!

घरी पावडर करायची म्हटलं की जो तो सांगतो, साबणाची वडी किसा आणि धुण्याच्या सोड्यात मिसळा. मागच्या उन्हाळ्यात मीही तेच केलं. पाणी तेव्हा बोअरचंच. महिन्याभरात टॉवेल पापडासारखे कडक, पोराच्या शर्टाची कॉलर राखाडी. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात, त्याची ही साय होते आणि ती कापडात जाऊन मुरते. दुकानातली डिटर्जंट पावडर मुळात साबण नसतेच, म्हणून ती जड पाण्यातही चालते.

बाटलीत फेस आला तर वडी किसा खुशाल. नाही आला तर रिठा.

मी भद्रकालीच्या बाजारातून आणते. 100 ग्रॅम रिठे फोडायचे, काळ्या बिया फेकायच्या. फेस सालीत असतो, बीत नाही. लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा. पातेलं मोठं घ्या. माझं पहिल्यांदा उतू जाऊन अख्खी शेगडी धुऊन निघाली! गार झालं की कुस्करून गाळा. डोळ्यांना हात लावू नका, जाम झोंबतं. फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवडा जातं, बाहेर आंबतं.

बादलीला अर्धी वाटी हे पाणी आणि दोन चमचे धुण्याचा सोडा. खायचा सोडा नाही हं! घरात तोच असेल तर स्टीलच्या कोरड्या कढईत अर्धा तास परता, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उडून धुण्याचा सोडाच उरतो. पण 100 ग्रॅमचे जेमतेम 63 होतात, म्हणजे बचतीच्या नावानं बोंब. ॲल्युमिनियमचं भांडं मात्र नको, सोड्यानं काळं पडतं.

रेशीम आणि लोकर सोड्यात कधीच घालायची नाही. येवल्याची पैठणी तर लांबच ठेवा, ती ड्रायक्लीनलाच. आणि रिठ्यानं पांढऱ्यावर पिवळट छटा येते, त्यामुळे शाळेचे शर्ट मी अजून विकतच्या पावडरीतच धुते.

बाकी चादरी, गाऊन, जीन्स, पायपुसणी सगळं यात. किलोभर पावडर आधी तीन आठवड्यांत संपायची. हे पाकीट बघा, दिवाळीच्या आधी फोडलंय. आज संक्रांत.