भाला डाव्या पायानं फेकतात! अन्नू राणीची कारकीर्द आणि आपल्याकडची गोफण

नमस्कार मंडळी. आज खोलीत बसून बोलत नाही, थेट शिवारात आलोय. बीड जिल्ह्यातला केज तालुका. मागं शाळू उभा आहे, कणसं भरत आलीत. त्या माळ्यावर पाखरं राखायला एक नववीतली पोरगी उभी आहे, हातात गोफण. आत्ता तिनं भिरकावलेला दगड बांधावरच्या बोरीच्याही पलीकडं गेला. तुम्हाला दाखवायचा होता, पण कॅमेरा लावेपर्यंत उशीर झाला.

आणि माझ्या हातात हा भाला. बायकांचा भाला, वजन 600 ग्रॅम, लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास. मध्ये ही दोरी गुंडाळलेली दिसते ना, ती मूठ. अर्धा किलो साखरेपेक्षा थोडा जास्त, बस्स. उचलला की वाटतं, एवढंच? कुणीही फेकेल. फेकून बघा. पहिल्या खेपेला तो हवेत आडवा होतो आणि सपाट पडतो. टोक आधी टेकलं नाही तर ती फेक धरतच नाहीत.

आता आपली भालाफेकपटू अन्नू राणी, तिच्याकडं येऊ. मेरठ जिल्ह्यातलं बहादूरपूर हे तिचं गाव, जन्म 1992 चा. शेतकऱ्याचं घर. क्रिकेट खेळताना ती चेंडू लांबून फेकायची, तो हात तिच्या भावानं, उपेंद्रनं हेरला. घरात भाला कुठला? मग भावानं तिच्या हातात ऊस दिला. पुढं बांबूचा भाला झाला. वडिलांना पोरीनं मैदानावर जाणं सुरुवातीला पसंत नव्हतं.

ऊस म्हटलं की आपल्या बीडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर वेगळंच येतं. ऊसतोडीचा कोयता, आगाऊ घेतलेली उचल, टोळीचा मुकादम, पहाटे निघालेल्या गाड्या. त्यावर येतोच. आधी फेक समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय ही कारकीर्द कळायची नाही.

लोक म्हणतात, भाला दंडाच्या ताकदीनं जातो. तसं नाही. उजव्या हाताचा खेळाडू पळत येतो, शेवटी पाय आडवे टाकत अंग मागं झुकवतो, आणि मग डावा पाय पुढं रोवतो. गुडघा ताठ. एका क्षणात सगळं धावणं थांबतं. पण वेग जाईल कुठं? तो वर चढतो. कंबर, मग खांदा, मग कोपर, मग मनगट. आसूड ओढताना बघा, हाताची मूठ थांबते आणि टोक सपकन पुढं जातं. हात हे टोक आहे, थांबणारी मूठ म्हणजे तो डावा पाय. गोफणीतही हेच आहे. दगड लांब जातो तो दोरी नेमक्या वेळी सोडल्यामुळं.

आणि एक हिशेब डोक्यात ठेवा. सुटतानाचा वेग 10 टक्क्यांनी वाढला तर अंतर साधारण 20 टक्क्यांनी वाढतं. म्हणून या मुली वर्षानुवर्षं एवढ्याशा वेगासाठी झटतात. आणि म्हणूनच त्यांचे खांदे, कोपर, पाठ सगळं पणाला लागतं.

2014 ला लखनौमध्ये अन्नूनं 58.83 मीटर फेकला. 14 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. 2016 ला 60.01, म्हणजे साठीच्या पलीकडं गेलेली पहिली भारतीय महिला. 2019 ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी, तिथं 61.12 मीटरवर आठवी. या गटात अंतिम फेरी गाठणारी ती आपली पहिली. 2022 च्या मे महिन्यात जमशेदपूरला 63.82.

58.83 पासून 63.82. पाच मीटरला एक सेंटीमीटर कमी, आणि लागली आठ वर्षं. मला या माणसाच्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त भावतं ते हेच. पाच मीटर म्हणजे इथून त्या बाभळीपर्यंत. एवढ्यासाठी आठ पावसाळे.

बरं, सरळ चढ नव्हताच. टोकियो ऑलिंपिकला ती 54.04 वर अडकली, अंतिम फेरी हुकली. 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये बरोबर 60 मीटरवर कांस्य आलं. 2023 च्या ऑगस्टमध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धेत पुन्हा अंतिम फेरी नाही. खेळ सोडावा असंही त्या वर्षी तिच्या मनात आलं होतं.

आणि 3 ऑक्टोबर 2023, हांगझोऊ. चौथ्या फेकीला 62.92. श्रीलंकेची नदीशा लेकामगे 61.57, चीनची ल्यू हुईहुई 61.29. आशियाई स्पर्धेत महिलांच्या भाल्याचं भारताचं पहिलं सुवर्ण. दोनच दिवस आधी त्याच मैदानावर आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं सुवर्ण घेतलं होतं. त्या आठवड्यात मी घरी नीट जेवलो नसेन, नुसता टीव्हीसमोर.

पुढं पॅरिस ऑलिंपिकला 55.81, पुन्हा बाहेर. पात्रतेची रेष 62 मीटर होती. तिची स्वतःची सर्वोत्तम फेक त्याच्या पुढं आहे, पण ती त्या सकाळी हातातून निघावी लागते. जागतिक विक्रम कुठं आहे, तर चेक प्रजासत्ताकाच्या बार्बोरा श्पोताकोवाचा 72.28, 2008 पासून तसाच.

आता ऊस. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांच्या पायऱ्या पावसाळ्यात सुरू होतात आणि वरच्या पायऱ्या दिवाळीच्या पुढं-मागं येतात. नेमक्या त्याच वेळी इथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्याला निघतात. जिल्ह्याला पहिली आलेली पोरगी विभागाला हजर नसते, कारण ती लहान भावाला सांभाळत फडात असते. पट्टा पडून, म्हणजे कारखान्याचं गाळप संपून गाव गाठेपर्यंत स्पर्धांचा मोसम संपलेला. बहादूरपूरला ऊस पोरीच्या हातात भाला म्हणून आला. इथं तोच ऊस पोरीला मैदानावरून उचलून नेतो. दंडात कमी काही नाही, सहा महिने कमी पडतात.

दुसरी गोष्ट साधनांची. मी शाळेत असताना आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत भाला एकच होता, तोही पुरुषांचा 800 ग्रॅमचा, टोक वाकलेलं. मुलीही तोच फेकायच्या आणि कोपर धरून घरी जायच्या. 18 वर्षांखालच्या मुलींचा भाला 500 ग्रॅमचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. क्रीडाशिक्षक ऐकत असाल तर एवढं करा, वजन बघा. बांबू चालेल, पण जड भाला नको.

ही माळ्यावरची पोरगी यंदा आजीजवळ राहिलीय. आई-बाप सांगली भागात फडावर आहेत. सकाळी तिला बांबू दिला. पहिले दोन आडवे पडले. मग तिला म्हटलं, हात विसर, फक्त डावा पाय रोव, गोफण सोडतेस तशी सोड. तिसरा टोकावर पडला. ढेकळात रुतून उभा राहिला, असा थरथरत. टेप लावली, 24 मीटर आणि वर काही बोटं. तिनं स्वतः वाकून आकडा वाचला, बांबू उपटला आणि पुन्हा मागं चालत गेली.

थांबा, फेकतेय ती. कॅमेरा तिकडं घ्या.