दया अप्पांची, भीती कुणाची?

नमस्कार मंडळी.

आत्ता झालेल्या ‘नटसम्राट’च्या प्रवेशात कावेरीबाई ट्रंकेत लुगडी भरू लागल्या आणि पुढच्या रांगांत रुमाल निघाले. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी रडू येतं. का येतं, यावर मला थोडं बोलायचंय.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने याचं कारण फार नेमकं सांगितलंय. लायकी नसताना एखाद्यावर घाला आला की दया येते. तो माणूस आपल्यासारखा असला की भीती वाटते. म्हणून नायक साधुसंत नको आणि पक्का बदमाशही नको. हातून मोठी चूक होणारा, मधलाच कुणीतरी हवा. अप्पासाहेब बेलवलकर या मापात चपखल बसतात: दिलदार, तापट, आणि हयातीतच सगळं मुलांना वाटून मोकळे झालेले.

१९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी अप्पा उभे केले, तेव्हा प्रेक्षकांतल्या वयस्कांना आपलीही हीच गत होईल अशी धास्ती वाटली असणार. इथे आपण बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, आईवडील पुण्याला नाहीतर सांगलीला. आपल्याला दया येते अप्पांची, पण धसका बसतो तो नलिनीला बघून. घरातले पैसे जातात आणि तिला बापाचाच संशय येतो. शिरवाडकरांनी तिला दुष्ट केलं असतं तर आपण सुटलो असतो, तिला शिव्या घालत गाडीत जाऊन बसलो असतो. पण ती चारचौघींसारखी मुलगी आहे. सहा महिन्यांसाठी आलेले बाबा फ्रीजचं दार उघडं टाकतात, भारतातल्या फोनवर ओरडून बोलतात, तेव्हा आपल्याही आवाजाला एक धार येते की नाही? (माझ्या येते. बायको साक्षीला आहे.)

मात्र दुःख फार जवळचं असून चालत नाही. इ. स. पू. ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस हे ग्रीक शहर घेतलं. अथेन्सचं त्या शहराशी जुनं नातं. फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने त्यावरच नाटक केलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, अख्खं नाट्यगृह रडलं, आणि मग अथेन्सवाल्यांनी त्यालाच १,००० द्राख्मा दंड ठोठावला, वर नाटकावर बंदी. घरच्या दुःखाची आठवण करून दिली, हा त्याचा गुन्हा.

ही घटना ॲरिस्टॉटलच्या आधीची, पण त्याच्या सूत्राला मला ती हवीच वाटते. ‘आपल्यासारखा’ आणि ‘आपलाच’ यांत थोडी फट लागते. ती बुजली की प्रेक्षक उठून जातो.

आपल्या तालमीच्या वेळी एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवलं होतं, दिवाळीत हे नको, काहीतरी हलकंफुलकं बसवा. अथेन्सची बाजू त्यांनी नकळत मांडली होती, आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती. बराच खल झाला. शेवटी फराळ आधी आणि प्रवेश नंतर, यावर तडजोड झाली.